शेड आठ महिन्यांची, परवानगी पण आठ महिन्यांचीच द्या: पंचगंगेकाठच्या एका शेतकऱ्याचं खुलं पत्र

नदीकाठच्या जमिनीवर काय बांधायचं आणि काय नाही ह्याच्या फाईली ज्या ज्या टेबलांवरून जातात, त्या सगळ्या टेबलांवरच्या साहेबांना आणि मॅडमना,

नमस्कार.

विषय शेडचा आहे. फार्महाऊस नाही, हॉटेल नाही, लग्नाचा हॉल नाही. सहा लोखंडी पाईपांवर पत्रा, चारी बाजूंनी मोकळी, बारा बाय सतरा फुटांची शेड, आणि ती पण वर्षातले आठ महिने उभी राहणार, मृगाच्या आधी नटबोल्ट काढून ट्रॉलीत घालून घरी नेणार. एवढ्यासाठी रीतसर परवानगी मागायला गेलो तर कोणी हो म्हणत नाही आणि कोणी नाही पण म्हणत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. कुठल्या एका ऑफिसवर राग नाही, कोणाचं नाव घेणार नाही, कारण हे माझ्या एकट्याचं नाही, नदीच्या दोन्ही काठांना ज्याचं रान आहे त्या प्रत्येकाचं हेच चाललंय.

आमचं रान वडणगे-शिये पट्ट्यात, पंचगंगेला लागून. सव्वीस गुंठे. मळीची जमीन, म्हणजे पुराच्या गाळानं वर्षानुवर्षं भरलेली, काळीभोर, ऊस असा येतो की बघत राहावं. पण घर वर गावात आणि रान खाली नदीला, आणि खाली रानात डोक्यावर धरायला एक पत्रा नाही. मोटरचा स्टार्टर कडुलिंबाला टांगलाय, त्याच्यावर खताचं रिकामं पोतं बांधलंय. वळवाचा पाऊस आला की तो बॉक्स ओला होतो, आणि ओल्या बॉक्सला ओल्या हातानं बटण दाबायला जाणारा माणूस आमच्यातलाच असतो, स्टार्टरचा शॉक बसून गेलेल्या शेतकऱ्याची बातमी दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावातनं येतेच. भांगलायला येणाऱ्या बायका एप्रिलच्या उन्हात बांधावर बसून भाकरी खातात, त्यांच्याबरोबर बारकी पोरं असतात. वैरण, खताची पोती, औषध मारायचा पंप, पाईपचे तुकडे, सगळं रोज गाडीवर घेऊन जायचं आणि रोज परत आणायचं, रात्री ठेवलं तर सकाळी असेल याची खात्री नाही. केबलमधल्या तांब्यासाठी केबल कापून नेतात, तिथं बाकीच्याचं काय.

तर शेड का पाहिजे हे एवढंच आहे.

आता पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना मनात शंका नको. पूररेषेचा नियम मला मान्य आहे, मनापासून मान्य आहे. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर जिथंपर्यंत पोचतो ती, आणि लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा ह्याच्यामधला पट्टा निषिद्ध, निळी आणि लाल ह्याच्यामधला नियंत्रित. आमचं रान निळ्याच्या आत येतं, त्यात मला काही वाद घालायचा नाही, कारण रेषा कागदावर यायच्या आधीपासून नदीनं ती आम्हाला दाखवून दिलीय. २००५ ला पाणी बघितलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याला, जिथं पंचगंगेची पातळी मोजतात, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैमध्ये ५६ च्या वर. धोक्याची पातळी ४३ आहे आणि इशारा ३९ ला. कोल्हापुरात पावसाळ्यात सकाळी उठल्यावर माणूस आधी मोबाईलवर राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो, मग चहा घेतो. आमच्या मळीत तर ३९ व्हायच्या आधीच पाणी शिरलेलं असतं. दोन्ही वेळा हायवे बंद पडला, शहरात सुतारवाडा, जामदार क्लब, शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर सगळीकडं पाणी, दुधाच्या आणि पेट्रोलच्या गाड्या अडकल्या, आणि पाणी उतरल्यावर जो वास होता तो अजून नाकात आहे. ज्यानं हे बघितलंय तो नदीत भिंत घालायची परवानगी मागणार नाही. मी पण मागत नाहीये.

पण नियम लिहिलाय कसा ते बघा. राज्याची एकत्रित विकास नियमावली २०२० ला आली, त्यात निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकाम बंद, आणि ते बरोबर आहे. पण त्यातच काय काय चालतं ते पण दिलंय. पार्किंग चालतं. उघडा भाजीबाजार चालतो. बाग, लॉन, मोकळी जागा, स्मशानभूमी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, पाइपलाइन, सार्वजनिक शौचालय आणि तशासारखे वापर चालतात. म्हणजे नियम करणाऱ्यांनी विचार केलाय की पाणी ज्याच्यावरनं किंवा ज्याच्यातनं निघून जाईल, ज्यात माणूस राहत नाही, असल्या गोष्टी ठेवायला हरकत नाही. उघड्या भाजीबाजारात छत्री उभी राहते, आमची चार बाजूंनी उघडी शेड मग त्या 'तशासारख्या' मध्ये बसते का नाही? हा एक प्रश्न मी विचारलाय आणि ह्या एका प्रश्नाचं उत्तर लेखी द्यायला कोणी तयार नाही. तोंडी सगळे देतात. एक साहेब म्हणाले चालतंय की, पत्राच आहे. दुसरे म्हणाले हात पण लावू नका, पाडून टाकतील.

दुसरा कायदा जमीन महसूल संहिता १९६६ चा. त्यात शेतघर म्हणजे काय ह्याची व्याख्याच दिलीय, अवजारं, खत, वैरण ठेवायला, पीक ठेवायला, जनावरं बांधायला शेतजमिनीवर जे उभं केलं जातं ते सगळं त्यात आलं. शेतीचाच भाग आहे म्हणून त्याला एनए, म्हणजे बिगरशेती परवानगी, लागत नाही. मात्र महापालिकेच्या हद्दीत आणि हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत जमीन असेल तर कलम ४१ खाली आधी परवानगी घ्यायची, आणि आमचं गाव नदीच्या पलीकडं म्हणजे कोल्हापूरच्या दारातच, त्यामुळं ती लागते. आता गंमत नाही, दुखणं सांगतो. एक एकरापेक्षा कमी रान असेल तर राहायच्या शेतघराला परवानगीच नाही, आणि ते ठीक आहे, नाहीतर प्रत्येक गुंठ्यावर बंगला आला असता. पण त्याच कलमात लहान शेतकऱ्यासाठी एक फट ठेवलीय, राहण्यासाठी नसेल, अवजारं वैरण असल्या कामासाठी असेल तर गरज बघून वीस चौरस मीटरपर्यंत परवानगी देता येते. वीस चौरस मीटर म्हणजे दोनशे पंधरा चौरस फूट. बारा बाय सतरा म्हणजे दोनशे चार. मी शेडचं माप कुठनं आणलं ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. सरकारनंच दिलेल्या मापात मी बसवलीय.

म्हणजे शेतीच्या बाजूनं बघितलं तर दार उघडं आहे, आणि पुराच्या बाजूनं बघितलं तर काय आहे ते कोणी सांगत नाही. महसूलवाला म्हणतो आधी पूररेषेचा दाखला आणा. तो आणायला गेलं की म्हणतात मोजणी नकाशा आणा, कारण आमच्याकडं रेषा आहे पण ती तुमच्या गटात कुठनं जाते ते मोजणीशिवाय कसं सांगणार. मोजणीला गेलं की सातबारा सामाईक आहे, सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या आणा. चुलत्याची पोरं मुंबईला, एक आत्या वारली, तिच्या वारसांची नोंद नाही. ते पण केलं समजा, तर पुढच्या टेबलावर कोणीतरी सांगतो की एनए करून आणा मग बघू, जे लागतच नाही. आणि एवढं सगळं कशासाठी तर सहा पाईपांसाठी. प्रत्येक माणूस आपल्या जागी बरोबर असेल, मला भांडायचं नाही, पण ह्या सगळ्यांना एका वेळी एका टेबलावर बसवून प्रश्न विचारायची सोय कुठंच नाही, ती सोय म्हणजे मीच, मीच एकाचं वाक्य दुसऱ्याला नेऊन सांगायचं.

आणि हे चालू असताना नदीकाठाला काय होतंय ते आम्ही रोज बघतोय. रात्री डंपर येतात. मुरूम, जुन्या घरांचा पाडापाडीचा राडारोडा, फरशीचे तुकडे, विटा, सगळं नदीच्या बाजूला सखल रानात टाकतात, जेसीबीनं सपाट करतात, आणि दोन पावसाळ्यांत ती जमीन शेजारच्या रानापेक्षा पुरुषभर वर आलेली असते. त्याला कोणतं नाव द्यायचं, ते बांधकाम नाही म्हणून परवानगीच्या रजिस्टरमध्ये ते दिसतच नाही. पण पाण्याला कागद कळत नाही हो. पुराचं पाणी पसरायला जी जागा लागते ती जागाच भरून टाकली तर ते पाणी दुसरीकडं चढणार, आणि ते आमच्या वाडीत, शिरोलीत, नाहीतर शहरातल्या नाल्यातनं उलटं चढणार. जयंती नाल्याचं पाणी नदी भरली की मागं फुगतं हे शहरातल्या कोणालाही विचारा. २०१९ च्या पुरानंतर सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं अहवाल दिला त्यात पण नदीच्या पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलंय. हायवेच्या मातीच्या भरावाऐवजी पिलर घाला म्हणून शिरोली पट्ट्यातली लोकं मागणी करतायत, ती पण ह्याच भीतीपोटी. भरावानं पुराचा रस्ता अडतो. आमच्या शेडला भिंत नाही, जोतं नाही, जमिनीची लेव्हल एक इंच पण वर करायची नाही. पाईपचं फाउंडेशन जमिनीसरशी पुरलेलं, वर फक्त चार बोल्टची प्लेट.

साहेब, हा फरक तुमच्या कागदात कुठंच नाही ही माझी खरी तक्रार आहे. एक माणूस सहा पाईप उभे करायला अर्ज करतो आणि त्याचा अर्ज फिरत राहतो. दुसरा अर्ज न करता पन्नास डंपर टाकतो आणि त्याच्या बाबतीत विचारायचं कोणी हे ठरलेलं नाही. मग गावातली पोरं काय शिकतात? की विचारलं की अडकतो, न विचारता केलं की होतं. आमच्या शेजारच्या रानात कोणाची पत्र्याची खोली आहे, विटांच्या भिंतीची, तिच्या मालकानं कधी अर्ज केला नाही, आणि तो मला सांगतो तू कशाला गेलास रे ऑफिसात, उभी केली असतीस तर आजपर्यंत तीन वर्षं वापरली असतीस. मला त्याचं ऐकायचं नाही. मला कागद घेऊनच उभी करायचीय.

आता माझं मुख्य म्हणणं.

आपल्या जिल्ह्यानं सगळ्या महाराष्ट्राला एक गोष्ट दिलीय, कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. केटी वेअर म्हणतात त्यातला के म्हणजे कोल्हापूरच. तो काय असतो हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, पण त्यातली युक्ती परत एकदा बघा. नदीत दगडाचे किंवा काँक्रीटचे खांब कायमचे उभे, आणि त्याच्यामधली फळी, म्हणजे बरगे, ते काढता घालता येतात. पावसाळा संपला की ऑक्टोबरात बरगे घालायचे, पाणी अडवायचं, उन्हाळाभर वापरायचं, आणि पावसाळ्याच्या आधी बरगे काढून काठावर रचून ठेवायचे, म्हणजे पूर येतो तेव्हा नदीला वाट मोकळी. नदीच्या पात्रात, निळ्या रेषेच्या सोडा, खुद्द वाहत्या पाण्यात केलेलं काम आहे ते, आणि कोणी त्याला अतिक्रमण म्हणत नाही, कारण ते नदीचं वेळापत्रक पाळतं. आमच्या भागातली निम्मी शेती त्या बरग्यांवर उभी आहे. बरगे काढायला उशीर झाला तर काय होतं ते पण आम्हाला माहीत आहे, वाहून आलेली झाडं आणि कचरा अडकतो, पाणी फुगतं, म्हणून तारीख पाळायचीच असते.

मग शेडला हाच नियम का लावत नाही? कोल्हापुरात आठमाही हा शब्द शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही, आठमाही पाणी म्हटलं की सगळं आलं. तसाच एक प्रकार करा, आठमाही शेड. बरगे घालतात तेव्हा शेड उभी, बरगे काढतात तेव्हा शेड खाली. पुरात ती तिथं नसेलच, तर ती पूर अडवणार कशी? तात्पुरत्या बांधकामाला परवानगी हा प्रकार नियमावलीला नवीन नाही, मांडवाला मिळते, जत्रेला मिळते. आमची जत्रा ऑक्टोबर ते मे असते एवढंच धरा.

इथं तुमच्या मनात काय येणार ते मला माहीत आहे, कारण ते एका साहेबांनी मला तोंडावर बोलून दाखवलं आणि मला त्याचा राग आला नाही. म्हणाले, आधी पत्रा येतो, मग कडेनं जाळी, मग जाळीच्या जागी वीट, मग लाईटचं मीटर, मग एक दिवस खुर्च्या टेबलं आणि मिसळचा बोर्ड. खरं आहे. होतं असं. हायवेच्या आणि नदीच्या आसपास झालंय. ह्या भीतीपायी तुम्ही सही करत नाही हे मी समजू शकतो, उद्या चौकशी लागली तर सही करणारा अडकतो. म्हणून अटी तुम्ही घाला, कडक घाला, मीच काही सांगतो.

अनामत रक्कम घ्या. मृगाच्या आधीच्या एका ठरलेल्या तारखेला शेड खोलल्याचा फोटो, जागेच्या लोकेशनसकट, मोबाईलवरनं पाठवायचा, नाही पाठवला तर अनामत जप्त आणि तुमचा माणूस येऊन खर्च आमच्याकडनं वसूल करून शेड उचलून नेणार, ह्याचं स्टॅम्पवर हमीपत्र आधीच घ्या. वीट, ब्लॉक, काँक्रीटचा कोबा, भराव ह्यातलं काहीही दिसलं तर परवानगी रद्द आणि त्या गटावर परत कधीच नाही. तिथं राहायचं नाही, धंदा करायचा नाही, भाड्यानं द्यायची नाही. आणि एक अट मी स्वतःहून मागतो, पावसाळ्याच्या तोंडावर शेडमध्ये तणनाशक, कीटकनाशक आणि खताचं एक पोतं पण राहता कामा नये, कारण खाली इचलकरंजी आहे, शिरोळ आहे, तिथली लोकं ह्याच नदीच्या पाण्यावर जगतात आणि त्यांनी वरच्यांची घाण पुष्कळ सोसलीय. शेडचं डिझाईन पण तुम्हीच एक ठरवून द्या, पाईप केवढा, अंतर किती, बोल्ट कुठं, वारा आला तर पत्रा उडू नये म्हणून बांधायचं कसं. उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेटरला ते चित्र दाखवलं की तो दोन दिवसांत करून देईल, असलं खोलता येणारं काम आमच्या कोल्हापूरच्या पोरांच्या हातचा मळ आहे. सगळ्यांची शेड एकसारखी असली की तुमच्या माणसाला लांबनं बघून कळेल कुठली नियमातली आणि कुठली बाहेरची.

ह्यात सगळ्यात जास्त हक्क कोणाचा आहे ते पण सांगतो, माझा नाही. १९८९ च्या पुरानंतर प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला वर प्लॉट दिले. घरं वर न्या, पूर येतो, हे सरकारनंच सांगितलं. किती जणांची घरं झाली, किती जणांची राहिली, तो मोठा विषय आहे आणि त्याचे जुने प्रश्न अजून आहेत. पण जे गेले त्यांचं रान कुठं आहे? रान खालीच आहे, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीचं पाणी एकत्र येतं त्या प्रयागाच्या आसपास. म्हणजे ज्यानं सरकारचं ऐकलं, घर उचलून वर नेलं, त्याला आता रोज वरनं खाली रानात यायचं, आणि खाली एक खुरपं ठेवायला जागा नाही. जो ऐकला नाही आणि खालीच राहिला त्याच्याकडं निदान घर आहे, गोठा आहे. आपण लोकांना सांगतो की पूरक्षेत्रातनं वर जा, ते बरोबरच आहे, पण मग शेतीपुरतं खाली काय ठेवता येईल हे त्याच कागदावर सांगायला नको का? रानात अशी आठमाही शेड मिळाली तर लोकं घर वर न्यायला पण लवकर तयार होतील असं माझं मत आहे. घर आणि गोठा आणि अवजारं हे सगळं एका जागी बांधलेलं असतं शेतकऱ्याचं, ते सोडवून दिलं तर तो हलेल.

पावसाळ्यात जनावरं कुठं ठेवणार असं पण विचारलं मला. पावसाळ्यात म्हशी वर गावातच असतात, आज पण असतात. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आहेत, त्यातला एक उघडला तरी आमच्या पट्ट्यात फोन फिरतात, ही लोकं नदी बघून जगणारी आहेत. मोटर पण पूर यायच्या आधी उचलून वर आणतोच की आम्ही, चेन लावून, चारपाच जणांनी, दरवर्षी. जो माणूस दरवर्षी साडेसात एचपीची मोटर उचलून वर आणतो त्याला सहा पाईप खोलून आणायला सांगितलं तर तो आणेल.

आता नेमकं काय पाहिजे.

एक तर रेषा जमिनीवर आणा. नकाशावर निळी आणि लाल रेघ आहे, ती कॉम्प्युटरवर बघून मला काय कळणार आणि डंपरवाल्याला काय कळणार. प्रत्येक गावात, शिवारात, ठरावीक अंतरावर दगड रोवा, निळा रंग लावा, लाल रंग लावा. पूर्वी हद्दीचे दगड असायचे तसे. मग कोणाला दाखला मागायला जावं लागणार नाही, बांधावर उभं राहून पोरगं पण सांगेल की हे आत आहे. रानाची किंमत कमी होते म्हणून काही जण दगडाला विरोध करतील, करू देत. निळ्या रेषेच्या आतली जमीन एनए होणार म्हणून भोळ्या माणसाला विकणारे दलाल आहेत, दगड दिसला तर तो भोळा माणूस तरी वाचेल.

मग शेतीच्या उघड्या शेडसाठी एकच अर्ज आणि एकच खिडकी ठेवा. आत महसूल, पाटबंधारे, नगररचना, ज्याला ज्याला विचारायचं त्याला तुम्ही विचारा, आमच्या हातात फाईल देऊन आम्हाला फिरवू नका. सामाईक सातबारा असेल तर जो कसतो त्याच्या अर्जावर विचार करा, शेड काढता येणारी आहे, त्यानं कोणाचा हिस्सा बदलत नाही, हिस्सेदाराची हरकत आली तर तेवढी ऐकून घ्या. आणि ही सेवा लोकसेवा हक्क कायद्यात घाला. २०१५ पासून तो कायदा आहे, त्यात अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत द्यायची नाहीतर कारण लिहून अर्ज नाकारायचा असं आहे, वर अपील आहे. माझी मागणी सोपी आहे, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण लिहून म्हणा.

आणि भरावाला पण परवानगीच्या रजिस्टरमध्ये आणा. निळ्या रेषेच्या आत जमिनीची पातळी वर करणं हेच बांधकाम धरा. रात्रीचा एक डंपर अडवला तर माझ्यासारख्या दहा शेडवाल्यांना अडवण्यापेक्षा नदीचं जास्त भलं होईल, हे मी पूर्ण विचार करून लिहितोय. ज्यांच्या रानाला लागून भराव पडतो ते तुम्हाला फोटो काढून द्यायला तयार आहेत, फक्त फोटो देणाऱ्याचं नाव बाहेर जाणार नाही एवढी काळजी घ्या, गावात राहायचं असतं आम्हाला.

नदीकाठच्या माझ्या शेतकरी भावांना पण दोन ओळी. ही सवलत कधी मिळाली तर ती पहिल्या पाचपन्नास जणांच्या वागण्यावर टिकणार आहे. एकानं भिंत घातली की सगळ्यांची बंद होणार. पाण्याचं तुम्हाला सांगायला नको, चुलत्याच्या घरात माळ्यावर बसून दोन रात्री काढलेली माणसं तुम्ही. तारखेला शेड खोला, शेजाऱ्यानं खोलली नाही तर त्याला जाऊन सांगा, ऐकला नाही तर ग्रामसभेत उठून बोला.

साहेब, मॅडम, माझा अर्ज दिलेला आहे, पोच माझ्याकडं आहे, त्याच्याबरोबर शेडचं चित्र आणि माप जोडलंय. दसऱ्यानंतर बरगे घालतील, त्याच्या आधी उत्तर आलं तर ह्या हंगामात स्टार्टर कडुलिंबावरनं खाली घेता येईल. जागेवर यायचं असेल तर नकाशा घेऊन या, निळी रेघ कुठनं जाते ते दाखवा, मी तिथं खुंटी मारून घेतो. उत्तर नाही असंच असेल तर कुठल्या नियमाच्या कुठल्या कलमानं ते त्याच कागदावर लिहा, मी वर अपिलात जाईन आणि तिथं पण हेच सांगेन.

आपला,
पंचगंगेकाठचा एक शेतकरी
करवीर, कोल्हापूर